मूठभर खिळे

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो होतो, तिथला एक पाच मिनिटांचा प्रसंग आहे, तो काही केल्या डोक्यातून जात नाही म्हणून लिहायला बसलोय. तुम्ही कधी कुणाला घेऊन गेला असाल तर तो हॉल तुम्हाला माहीतच असेल. एसी जरा जास्तच, भोकाभोकाच्या लोखंडी खुर्च्या, टीव्ही चालू पण आवाज बंद, आणि अर्धे पेशंट डोळे मिटून बसलेले, सामुदायिक ध्यान चालल्यासारखे. दर दहा मिनिटांनी सिस्टर येते, "आजोबा, वर बघा" म्हणते, थेंब टाकते, हातात कापसाचा बोळा देते आणि पुढच्याकडे सरकते. बाहुली मोठी होईपर्यंत हेच. बाबा टोपी मांडीवर ठेवून बसले होते आणि मी शेजारी बसून ऑफिसचे मेल बघत होतो, म्हणजे बघतोय असं दाखवत होतो. समोर दरवाज्यांवर इंग्रजीत पाट्या होत्या, कॉर्निया, ग्लॉकोमा, रेटिना. आम्ही रेटिनावाल्या दारासमोर.

बाबा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "आर ई टी आय एन ए. सहाच्या सहा यायला पाहिजेत. सांग मोठा शब्द."

मी मोबाईलवरून मान न उचलता म्हणलं, "ट्रेनर." त्यांनी बोटांवर मोजलं. "सातच होतात. मोठा म्हणलं मी." मग स्वतःच थोडा वेळ ओठ हलवले आणि एकदम खणखणीत आवाजात, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं, म्हणाले, "लॅट्रिन!" स्टुलावर बसलेल्या मामांनी तत्परतेनं हात केला, "तिकडं, लिफ्टच्या बाजूला, आजोबा." आजूबाजूचे हसले, बाबाही हसले, मी पण हसलो खरं, पण आतून जरा ओशाळलो. आता पुरे असं मला वाटत होतं. पण बाबा रंगात आले होते. "तोही सातचाच. हां, हा घे दहाचा. स्टेशनरी." आणि मी, आयुष्यभर कॉम्प्युटरसमोर बसून इंग्रजीत मेल लिहिणारा माणूस, जरा मोठ्यानंच म्हणलं, "अहो बाबा, स्टेशनरीत ई कुठंय? एस टी ए टी आय ओ एन, ए आर वाय." "आहे ई." "नाही हो. ए आहे." शेजारच्या बाई आमच्याकडे बघत होत्या, त्यांच्या नवऱ्यानं माझ्या बाजूनं मान डोलावली. बाबा म्हणाले, "बरं."

नुसतं "बरं". आणि बोळा डोळ्यावर दाबून गप्प बसले.

मी मोबाईलवर बघितलं. दोन शब्द आहेत. ए वाला म्हणजे जागचं न हलणारं, स्थिर. ई वाला म्हणजे कागद, पाकिटं, पेनं, वह्या. मी इतकी वर्षं दोन्हीकडे ए लावत आलो होतो, कारण आपल्याकडे शाळेजवळच्या निम्म्या दुकानांवर ए च रंगवलेला असतो आणि लहानपणापासून तेच बघत मोठे झालो. तेवढ्यात आतून बाबांचं नाव पुकारलं, मी मोबाईल खिशात टाकला, त्यांचा दंड धरला आणि आत घेऊन गेलो. सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, नाही सांगितलं.

आता यात एवढं लागण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तर आमचे बाबा छापखान्यात जुळारी होते. हल्ली हा शब्द सांगितला की लोकांना लग्नं जुळवणारा वाटतो. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवणारा तो जुळारी, आणि कुणी साहेबी थाटात विचारलं तर कंपोझिटर. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या एका बोळात ट्रेडल मशीनचा छोटा छापखाना होता, तिथं ते १९६८ साली, अठराव्या वर्षी, लागले आणि १९९४ ला तो बंद पडेपर्यंत तिथंच होते. शिक्षण सातवी. इंग्रजी म्हणून शाळेत जेमतेम ए बी सी डी झालेली. बाकीचं सगळं इंग्रजी त्यांनी शिशाच्या खिळ्यांवरून शिकलं, आणि तेसुद्धा उलटं, कारण खिळ्यावर अक्षर आरशातल्यासारखं असतं. डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीनं लावायची पट्टी, उजव्या हातानं खणातला खिळा उचलायचा, त्याच्या अंगाला एक खाच असते ती बोटाला लागली की अक्षर सुलटं आहे का उलटं ते न बघता कळतं, की टक्कन स्टिकमध्ये. मी लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा तो टक्क टक्क आवाज, शाईचा आणि खिळे धुवायच्या रॉकेलचा वास, आणि चाळीसच्या बल्बखाली वाकलेली बाबांची पाठ. संध्याकाळी निघताना मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. शिसं पोटात गेलं तरी बाधू नये म्हणून म्हणे. त्यानं काय व्हायचं देव जाणे, पण बाबा तो खडा रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचे, आणि त्याला हलका रॉकेलचा वास असायचा.

इंग्रजीची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणाखणांची पेटी, मला फार आवडायची. मराठीची म्हणजे चारी बाजूंनी पसरलेला संसार, शेकडो खण, जोडाक्षरं वेगळी, काने वेगळे, मात्रा-वेलांट्या वेगळ्या, बाबा त्या केसेसच्या मधोमध तबलजीसारखे बसलेले असायचे. इंग्रजीची त्या मानानं सुटसुटीत. पण खण ए बी सी डी असे ओळीनं नसायचे, जे अक्षर जास्त लागतं त्याला मोठा खण आणि तो हाताशी. ई चा खण सगळ्यात मोठा, जे, क्यू, एक्स, झेडचे खण म्हणजे काडेपेटीएवढे, कडेला. मी विचारलं होतं की असं का, तर म्हणाले, इंग्रजी माणूस ई शिवाय तोंडच उघडत नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या मुलीच्या वाढदिवसाला कुणीतरी स्क्रॅबल दिलं, तेव्हा बाबांनी ते खेळायच्या आधी सगळ्या सोंगट्या सतरंजीवर ओतून खण पाडले. अक्षरश: खण, ई इकडे, टी तिकडे. शंभरातल्या बारा ई निघाल्या, नऊ ए, नऊ आय, आणि क्यू एक, झेड एक. "केसच आहे की ही," म्हणाले, आणि इतके खूश झाले की मलाच कसंतरी झालं. मग मी त्यांना सांगितलं की हा खेळ ज्यानं काढला तो आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन आर्किटेक्ट, १९३० नंतरच्या मंदीत त्याची नोकरी गेली, तेव्हा रिकामा बसण्यापेक्षा त्यानं वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजली आणि कुठलं किती वेळा येतं त्यावरून सोंगट्यांची संख्या ठरवली. स्क्रॅबल हे नाव १९४८ चं, ते दुसऱ्यानंच दिलेलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मोजायला कशाला बसला, कुठल्याही जुळाऱ्याला विचारायचं." एस चारच निघाल्या, त्या मात्र त्यांना पटल्या नाहीत. नाहीतर जो तो शब्दाला एस लावून अनेकवचन करत सुटेल म्हणून मुद्दाम कमी ठेवल्यात, असं सांगितलं, तरी म्हणाले, "बिलबुकाला पुरायच्या नाहीत."

बिलबुक. बाबांचं सगळं इंग्रजी बिलबुकाचं. गुड्स वन्स सोल्ड विल नॉट बी टेकन बॅक. ऑल डिस्प्यूट्स सब्जेक्ट टू पुणे ज्युरिस्डिक्शन. ई अँड ओ ई. प्रोप्रायटर, मॅन्युफॅक्चरर्स, होलसेल, ड्युप्लिकेट. याच्यावर छापखान्यात त्यांचा एक खेळ चालायचा, त्याला ते 'मूठ' म्हणायचे. दिवसाचं काम छापून झालं की फॉर्मा, म्हणजे चौकटीत आवळलेले खिळे, सोडायचा, धुवायचा आणि एकेक खिळा परत ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा, हे सगळ्यात कंटाळवाणं काम. तर ते करताना कुणीतरी ढिगातून तीन-चार खिळे मुठीत उचलायचा आणि टेबलावर टाकायचा. यातली सगळी अक्षरं ज्यात आहेत असा शब्द सांगा. पदरची अक्षरं हवी तेवढी घाला, पण मुठीतलं एकही सुटता कामा नये. ज्याचा शब्द सगळ्यात लांब त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. मालकांकडे एक डिक्शनरी होती, भांडण झालं की ती काढायची. जे आला की बाबा हटकून ज्युरिस्डिक्शन म्हणायचे. बारा अक्षरं, त्यात तीन आय. त्या एका शब्दावर त्यांनी किती कप चहा प्यायला असेल कोण जाणे.

शाळेत आमच्या बाईंनी याच्या बरोब्बर उलटा खेळ शिकवला होता, फळ्यावर एक लांबलचक शब्द लिहायचा आणि त्याच्या पोटातून लहान शब्द काढायचे. एक्झामिनेशनमधून मॅन, टीम, नेशन. तो मला फटाफट यायचा. लहान शब्द दिसतातच, मोठ्या शब्दाला नुसतं खरवडायचं. घरी बाबांची मूठ पडली की मात्र माझी बोबडी वळायची, कारण तिथं समोर काहीच नसतं, तीन अक्षरं असतात आणि बाकीचा शब्द अजून हवेत असतो. माझी पद्धत अशी की आधी शेपूट शोधायचं. 'शन' लागतंय का, 'इंग' लागतंय का, टी आय ओ एन बाजूला काढलं की उरलेल्याचं काय करता येतं ते बघायचं. बाबांची पद्धत मी कितीदा तरी बघितलीय, ते शब्द आठवायचेच नाहीत. खिळे बोटांनी नुसते सरकवायचे, ह्याच्या पुढं हा, त्याच्या मागं तो, मध्ये जागा सोडायची, पुन्हा मोडायचं, चेहऱ्यावर काहीही नाही, आणि एकदम बोट थांबायचं. शब्द बोटातून वर यायचा. मी विचारायचो, अर्थ काय याचा? कधीकधी ते खांदे उडवायचे. "छापलाय आपण. मोठ्या टाईपात."

म्हणून मी फार लवकर एक ठरवून टाकलं होतं, की बाबांना स्पेलिंग येतं, अर्थ येत नाही. अर्थ मला येतो.

आणि उच्चार तर विचारूच नका. जे अक्षर आहे ते म्हणायचं, हा त्यांचा साधा हिशोब. कॅटलोग्यू, आयलँडला इसलँड. आठवीत माझा एक मित्र घरी आलेला असताना बाबा कुणालातरी म्हणाले, "रिसिप्ट बुकं झालीत तयार, घेऊन जा." चांगला ठासून पी. मित्र फिसकन हसला. तो कॉन्व्हेंटचा होता. तो गेल्यावर मी बाबांना रागारागानं सांगितलं की पी सायलेंट असतो. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "बोलायचा नाही तर लावायचा कशाला? त्याचंपण शिसं लागतंच की." आज मी हे किस्सा म्हणून सांगतो, ऑफिसात सगळे हसतात. त्या दिवशी मात्र मी जेवलो नव्हतो.

छापखाना बंद पडला तेव्हा खिळे किलोवर गेले. कॉम्प्युटरवर जुळणी करणारं डीटीपी आलं होतं, ऑफसेट आलं होतं, ट्रेडलवर कोण छापून घेणार. भंगारवाल्यानं हातगाडी लावली आणि पोती भरून शिसं नेलं, मराठी-इंग्रजी सगळं एकत्र. बाबांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा भरून खिळे घरी आणले, वेचून नाही, हाताला लागले ते. त्या डब्यात दोन क्यू आहेत आणि ई जेमतेम तीन. अजून आहे तो, टीव्हीखालच्या कप्प्यात. मधल्या काळात बाबांनी एका कापडाच्या दुकानात हिशेबाचं काम धरलं, पण रात्री जेवणं झाली की मूठ पडायचीच. मराठीत पण करून बघितलं आम्ही, पण मजा आली नाही. तिथं नुसता काना हाताला आला तर करायचं काय, तो कुणाच्याही गळ्यात पडतो.

मग बाबांनी स्वतःच त्यात एक अवघड प्रकार काढला. एबीसीडीतली लागोपाठची तीन अक्षरं, त्याच क्रमानं, एकमेकांना चिकटून यायला पाहिजेत. डी ई एफ सोपं, डेफिनिट. एस टी यू त्याहून सोपं, स्टुडंट. एन ओ पी ला कॅनॉपी मिळाला, आर एस टी ला फर्स्ट. एच आय जे ला आम्ही दोन दिवस अडलो होतो आणि मग १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूहून निघालेलं विमान कंदाहारला नेलं, तेव्हा पेपरात रोज सहा कॉलमी अक्षरांत हायजॅक, हायजॅक. बाबा पेपर घेऊन माझ्याकडे आले, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. आनंद दाखवायची ती वेळ नव्हती हे त्यांनाही कळत होतं, पण बोट हलत नव्हतं. एक्स वाय झेड मात्र काही सापडेना. मी म्हणलं असा शब्दच नाही. ते म्हणाले असणार, आपण छापला नाही एवढंच.

आणि तो सापडला २०१९ मध्ये, खाजेच्या गोळीवर. बाबांना साखर आहे, रात्री अंगाला खाज सुटायची म्हणून डॉक्टरांनी गोळी दिली होती. ती चंदेरी स्ट्रिप असते ना, तिच्या पाठीवर ब्रँडच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, ते बाबा भिंग घेऊन वाचत बसले होते. हायड्रॉक्झिझिन. एच वाय डी आर ओ, मग एक्स, वाय, झेड, शेजारी शेजारी, आणि पुढं आय एन ई. वीस वर्षांनी. त्यांनी मला लगेच ऑफिसात फोन केला, मी मीटिंगमध्ये होतो, कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा घाबरून बाहेर जाऊन उचलला, म्हणलं काय झालं, पडलात का, तर पलीकडून "एक्स वाय झेड सापडला." मी म्हणलं, "बाबा, मी मीटिंगमध्ये आहे." घरी आलो तर स्ट्रिप माझ्या ताटाशेजारी ठेवलेली होती, त्या नावाभोवती बॉलपेननं गोल. आणि भिंग. तेव्हा मला एवढंच दिसलं की म्हाताऱ्याला काही उद्योग नाही. ते भिंग आधी घरात नव्हतं, ते कधी आलं, का आलं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आता रेटिनाच्या मधोमध सूज आहे. साखरेनं. समोरच्या माणसाचा चेहरा पुसट आणि कान स्वच्छ दिसतात असं ते म्हणतात. डॉक्टरांनी चौकटी-चौकटीचा एक कागद दिलाय, मध्ये ठिपका, एक डोळा झाकून रोज त्याच्याकडे बघायचं आणि रेघा वाकड्या दिसतात का सांगायचं. पहिल्यांदा बघितल्यावर बाबा डॉक्टरांना म्हणाले, "फॉर्मा सैल बांधलाय." डॉक्टर तिशीची मुलगी, तिला काय कळणार. मी समजावून सांगितलं की खिळे चौकटीत नीट आवळले नाहीत तर ओळी अशा लाटेसारख्या होतात. तिनं ते इंग्रजीत काहीतरी करून फाईलमध्ये लिहून घेतलं आणि डोळ्यात इंजेक्शनं सांगितली, महिन्याला एक, आधी तीन, मग बघू. डोळ्यात इंजेक्शन म्हणल्यावर माझेच पाय गार पडले. बाबांनी विचारलं, "दुखतं?" ती म्हणाली, "बधीर करतो." "मग हरकत नाही."

दवाखान्यातल्या त्या "बरं" नंतर पंधरा-वीस दिवसांनी असेल, मुलगी सुट्टीला घरी आली. ती कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. रात्री बाबांनी तिला तीच मूठ टाकली, रेटिना. मी ताट उचलून आत जाणार होतो, ते ऐकून तिथंच थांबलो. ती म्हणाली, "आबा, थांबा, सगळेच काढते." तिच्या लॅपटॉपमध्ये एक शब्दांची फाईल म्हणे आधीपासूनच असते, १९३४ च्या वेब्स्टरच्या डिक्शनरीतून आलेली, सव्वादोन लाखांच्या वर शब्द. तिनं चार ओळी टाईप केल्या. बाबांनी विचारलं, कसं शोधतो तो? ती सांगायला लागली, की प्रत्येक शब्द मोडायचा आणि त्याची अक्षरं एबीसीडीप्रमाणे लावायची, ए ई आय एन आर टी. म्हणजे रेटिना मोडला तरी हेच होतं आणि रिटेन मोडला तरी हेच. आणि मोठ्या शब्दाचं असेल तर कुठलं अक्षर किती वेळा आहे ते मोजून घ्यायचं, आणि आपल्या सहांपैकी एखादं कमी पडतंय का बघायचं.

"म्हणजे खिळे परत केसमध्ये टाकायचे," बाबा म्हणाले, "आणि खणात आपल्यापुरता माल आहे का बघायचं." ती दोन सेकंद गप्प झाली आणि म्हणाली, "हो, आबा, एक्झॅक्टली तेच."

यादी आली. स्क्रीनवर सरसर वर जात होती, थांबेचना, निम्मे शब्द कधी न ऐकलेले. ती मधले मधले ओळखीचे वाचून दाखवत होती आणि बाबा डोळे मिटून ऐकत होते. ग्रॅनाइट. पेंटर. केराटिन, हे तर ती पार्लरमध्ये केसांना करून आली होती आणि मी त्याच्या पैशांवरून बोललो होतो. मिनरेट. रेमंट म्हणजे कपडे, त्यावर बाबांनी "रेमंड?" असं विचारून घेतलं. युरिनेट वाचताना ती हसली आणि बाबांनी माझ्याकडे तोंड करून "लॅट्रिन आलं का बघ" म्हणलं. सर्टन वाचला तेव्हा मी चरफडलो, इतका साधा शब्द, रोज चार मेलमध्ये लिहितो मी आणि आठवला नाही. क्रिएशन आणि रिअ‍ॅक्शन, दोघांची आठच्या आठ अक्षरं तीच. "एका मुठीत दोन," बाबा म्हणाले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच मांडीवर बोटं हलवून सी उचलून पुढं नेला आणि परत मागं आणला, मी बघितलं. मग सेलिब्रेशन, रजिस्ट्रेशन, एन्टरटेन, इंटरनॅशनल. मी हातात खरकटं ताट घेऊन दारात उभा. एस चे शब्द सुरू झाले.

"स्टेशनरी," मुलगी म्हणाली.

बाबांनी चहाचा कप चाचपला, सापडल्यावर उचलला, एक घोट घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, तसंही बघून त्यांना काय दिसणार होतं, माझे कान. मुलगी पुढं वाचत गेली. मी ताट आत नेऊन ठेवलं आणि नळ सोडून उगाच घासत बसलो. बाई सकाळी येणारच होती घासायला.

तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. चुकलो असं म्हणायला मला कधी जड जात नाही, ऑफिसात तर दिवसातून चारदा म्हणतो, माय मिस्टेक. घरात तो शब्द वेगळ्याच टाईपात लागतो आणि तो टाईप आमच्याकडे नाही. बाबांनीही मला कधी म्हणलेलं नाही, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांना म्हणलं असेल असं वाटत नाही.

तिसरं इंजेक्शन ऑगस्टमध्ये झालं. बाहेर आलो तर पाऊस भुरभुरत होता, उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीनं लावलेली, डावा उघडा पण त्यालाही मधोमध तोच धुरकट गोळा. रिक्षा मिळाली. बाबा हल्ली समोरचं बघायचं असलं की मान जरा वाकडी करतात, कबुतरासारखी, म्हणजे कडेनं दिसतं. सिग्नलला रिक्षा थांबली तिथं शाळेसमोर एक जुनं दुकान आहे, मी तिथूनच पाटी-पेन्सिली घ्यायचो. प्लास्टिकचे पाणी-बाटल्यांचे हार, छत्र्या, वह्यांच्या थप्प्या, आणि वर पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरात मालकाच्या आडनावापुढं बुक डेपो आणि स्टेशनरी. बाबांनी मान वाकडी करून बराच वेळ तिकडं बघितलं.

"काय लावलंय रे त्यानं? ई का ए?"

मला कळलं काय विचारतायत ते. मी डोकं बाहेर काढून बघितलं, पावसाचे थेंब चष्म्यावर आले, पुसून पुन्हा बघितलं.

"ए आहे बाबा. चुकीचं आहे. तिथं ई पाहिजे."

एवढंच म्हणलं मी. पण म्हणलं. त्यांनी वाटीवरून अलगद हात फिरवला, चिकटपट्टी सुटली नाही ना बघितलं आणि मागं टेकून बसले. सिग्नलचे आकडे उतरत होते, दहा, नऊ, आठ.

"चूक कशानं? चाळीस वर्षं बघतोय मी, हललंय का दुकान जागचं?"